अपडेट पुन्हा पुन्हा फेल होतोय आणि कॉम्प्युटर सकाळभर रखडतो. फॉरमॅट न मारता उपाय आहे का?

अक्षरजुळणी_साखळी:

नमस्कार मंडळी. साखळीत माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. घुमट आरत्यांच्या पुस्तिका, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, लग्नपत्रिका, देवस्थानांची पावती पुस्तकं, शिवाय लोकांना जमिनीचे एक-चौदाचे उतारे काढून देणं, हे सगळं एकाच कॉम्प्युटरवर चालतं. चतुर्थी तोंडावर आलीय, कामं वाढत चाललीत आणि नेमकं आताच मशीन साथ देईनासं झालंय.

मशीनची माहिती: आय-फाइव्ह आठव्या पिढीचा, ८ जीबी रॅम, १ टीबीची साधी हार्ड डिस्क. दुकानदाराने देतानाच सी ड्राइव्ह १०० जीबीचा करून बाकीचे डी आणि ई पाडून दिले होते. विंडोज ११ आहे.

सकाळी चालू केला की डेस्कटॉप येतो, पण पुढे काही हलत नाही. पेजमेकरवर डबल क्लिक केलं की गिऱ्हाईक चहा पिऊन परत येईपर्यंत खिडकी उघडत नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या रकान्यात १०० टक्के, आणि यादीत सगळ्यात वर 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर'. दुपारनंतर जरा श्वास घेतो. रीस्टार्ट केला की अपडेटचे टक्के वाढत जातात, मध्येच थांबतात, मग इंग्रजीत येतं की अपडेट पूर्ण करता आले नाहीत, बदल मागे घेतोय, कॉम्प्युटर बंद करू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अपडेट हिस्टरी उघडली तर जूनचा महिन्याचा अपडेट 'फेल्ड', त्याच्यावर परत तोच 'फेल्ड', आता जुलैचा आलाय तोही 'फेल्ड'. सगळ्यांपुढे कोड एकच, शून्य एक्स ८००७३७१२. सी ड्राइव्हवर ६ जीबी जागा उरलीय.

सुरुवात कधी झाली ते मला पक्कं आठवतं. जूनमध्ये पहिला गडगडाटाचा पाऊस झाला त्या संध्याकाळी अपडेट चालू असताना लाईट गेली. यूपीएसने दोन मिनिटं शिटी मारली आणि तोही झोपला.

ज्यांना दाखवलं ते म्हणतात फॉरमॅट मारा. मला ते परवडणारं नाही. माझ्याकडे मराठी फाँटचं जुनं सॉफ्टवेअर आहे, डोंगलवर, म्हणजे मशीनला लावायच्या छोट्या किल्लीवर चालणारं. त्याची सीडी आता वाचली जात नाही आणि ज्यांनी ते बसवून दिलं त्यांनी धंदा कधीच सोडला. गेल्या कित्येक वर्षांच्या आरत्या, अभंग, निमंत्रणं त्या फाँटमध्ये आहेत. ते सॉफ्टवेअर गेलं तर फाइली राहतील, पण उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. कुणाला खात्रीचा मार्ग ठाऊक असेल तर कृपा करून सांगा. तुम्ही सांगाल तसं मी नीट करीन, पण कुठे बटण दाबायचं ते स्पष्ट लिहा.


शाळा_फोंडा:

ताई, मी फोंड्याला शाळेत कॉम्प्युटर शिकवते. पुढची मंडळी उपाय सांगतीलच, पण त्याआधी एक काम आजच्या आज करा. डिस्क १०० टक्के दिसते ती अपडेटमुळेही दिसते आणि डिस्क मरायला टेकली असली तरीही तशीच दिसते. बाहेरून दोन्ही रोग सारखेच. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं छोटं सॉफ्टवेअर आहे, ते उघडलं की डिस्कची तब्येत एका शब्दात वर लिहून येते. 'गुड' असेल तर पुढे चला. 'कॉशन' असेल तर अपडेटच्या नादी लागूच नका, आधी फाइली बाहेर काढा.

आणि 'गुड' असलं तरीही फाइली बाहेर काढाच. डी आणि ई मध्ये ठेवलं म्हणजे सुरक्षित, असं पुष्कळांना वाटतं. सी, डी, ई हे एकाच डिस्कचे तीन कप्पे आहेत. डिस्क गेली की तिन्ही जातात. आरत्या आणि अभंगांचे फोल्डर वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क दुकानात ठेवू नका, घरी न्या.


कुळागर:

ताई, फॉरमॅट मारू नका. तुम्ही कोड लिहिलात आणि लाईट गेल्याची गोष्ट सांगितलीत, त्यावरून निम्मं निदान झालं. मी डिचोलीत दुरुस्तीचं काम करतो. आमच्या धंद्यात 'फॉरमॅट मारा' हे वाक्य फार स्वस्त झालंय आणि मला त्याचा मनापासून राग येतो. फॉरमॅटला आमचा एक तास जातो, गिऱ्हाईकाची मात्र वर्षांची मांडणी जाते.

आधी काय झालंय ते समजून घ्या, म्हणजे पुढची पायरी आंधळेपणाने करावी लागणार नाही. विंडोजची स्वतःची एक कोठी असते, सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरच्या आत, विन-एस-एक्स-एस नावाची. सिस्टिमच्या प्रत्येक भागाची मूळ प्रत आणि त्या भागाची कागदपत्रं तिथे असतात. अपडेट आला की तो या कोठीत उतरतो, जुन्या भागाशी ताडून बघतो आणि मग जागेवर बसतो. तो उतरत असतानाच तुमची लाईट गेली. काही कागद अर्धे लिहिले गेले. ८००७३७१२ या कोडचा अर्थच तो आहे, की कोठीतला एखादा कागद हरवलाय किंवा फाटलाय. आता रोज सकाळी विंडोज उठतो, अपडेट उघडतो, हजारो बारीक फाइली तपासतो, त्या फाटक्या कागदापाशी अडतो आणि सगळं मागे घेतो. त्याच वेळी अँटिव्हायरस त्याच फाइली आपल्या परीने चाळत असतो. साध्या हार्ड डिस्कला सलग मोठी फाइल वाचायला जमते, पण अशा हजार ठिकाणी उड्या मारायला लावलं की ती मान टाकते. तुमच्या प्रेसच्या भाषेत सांगायचं तर अर्धवट छापलेला फर्मा मशीनवर अडकलाय, आणि कामगार रोज सकाळी पहिल्या पानापासून सुरू करून तिथेच येऊन थांबतोय.

म्हणून काम तीन आहेत: जागा करणं, अर्धवट उतरलेला माल काढणं, फाटका कागद दुरुस्त करणं. क्रम हाच ठेवा, कारण तिसऱ्या कामाला पहिली दोन लागतात.

जागा. सहा जीबी कमी पडतात. महिन्याचा अपडेट उतरायला, उलगडायला आणि फसला तर परत यायला जागा लागते. माझ्या हाताखालच्या मशीनवर मी सी मध्ये निदान २० जीबी मोकळे झाल्याशिवाय अपडेटला हात लावत नाही. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स असं जा. यादी यायला वेळ लागेल, थांबा. 'विंडोज अपडेट क्लीनअप', 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन फाइल्स', 'टेम्पररी फाइल्स' यांना खूण करा. त्याच यादीत 'डाउनलोड्स' पण असतं. त्याला खूण करू नका! गिऱ्हाइकांनी व्हॉट्सॲपवरून पाठवलेले फोटो, मजकूर, तुम्ही काढलेले उतारे, सगळं त्याच फोल्डरमध्ये पडलेलं असणार, आणि ती खूण केली की तो सगळा फोल्डर रिकामा होतो. पुसून टाकायच्या यादीत तो कशाला ठेवलाय हे मला आजवर पटलेलं नाही. रिमूव्ह दाबण्याआधी यादीवरून एकदा नजर फिरवा.

आता अर्धवट माल. हा सी ड्राइव्ह, विंडोज, सॉफ्टवेअर-डिस्ट्रिब्यूशन या फोल्डरमध्ये असतो. त्याच्या पोटात दोन महत्त्वाचे कप्पे आहेत. 'डाउनलोड' मध्ये उतरलेले अपडेट, आणि 'डेटास्टोअर' मध्ये काय उतरलं, काय फसलं याची वही. हा फोल्डर पुसायचा नाही, त्याचं नाव बदलायचं. नाव बदललं की विंडोज स्वतः नवा कोरा फोल्डर तयार करतो, आणि काही बिनसलं तर जुना तुमच्या हाताशी असतो.

पण चालू सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारा विंडोजचा प्रोग्रॅम, तो फोल्डर धरून बसलेली असते. म्हणून आधी इंटरनेटची वायर काढा किंवा वाय-फाय बंद करा, सेटिंग्जची खिडकी बंद करा. विंडोजचं बटण आणि आर दाबा, त्यात सर्व्हिसेस डॉट एमएससी टाइप करा. लांबलचक यादी येते, अक्षरांच्या क्रमाने. 'बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस' शोधा, राइट क्लिक, स्टॉप. मग खाली 'विंडोज अपडेट', तिलाही स्टॉप. लगेच फोल्डरवर जा, राइट क्लिक, रीनेम, नावाच्या शेवटी डॉट ओल्ड लावा. परवानगी विचारेल, कंटिन्यू म्हणा. 'फोल्डर दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा आहे' असं म्हणाला तर घाबरू नका, मधल्या वेळात अपडेटची सर्व्हिस आपोआप परत उठलेली असते. पुन्हा स्टॉप करा आणि लगेच नाव बदला. नेट काढायला सांगितलं ते याच्यासाठीच. मग मशीन रीस्टार्ट करा. शटडाउन करून चालू करणं आणि रीस्टार्ट यात फरक आहे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण उतरत नाही, रीस्टार्टमध्ये उतरतो.

यानंतर अपडेट हिस्टरी रिकामी दिसेल. वही नवी झाली म्हणून. बसलेले अपडेट कुठे जात नाहीत, ते 'अनइन्स्टॉल अपडेट्स' मध्ये जसेच्या तसे दिसतील.

तिसरं काम कमांडचं. मी फोनवरून मराठीत लिहितोय, तुम्ही इंग्रजी अक्षरांत टाइप करा. नेट पुन्हा जोडा, कारण चांगल्या प्रती विंडोज तिकडूनच मागवतो. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' घ्या. पहिली कमांड: डी-आय-एस-एम, स्पेस, स्लॅश ऑनलाइन, स्पेस, स्लॅश क्लीनअप-इमेज (मध्ये आडवी रेघ, जागा नाही), स्पेस, स्लॅश रिस्टोअरहेल्थ (सलग एक शब्द). एंटर. टक्के चढत जातील आणि बासष्टच्या आसपास येऊन बहुतेक ठिकाणी ठाण मांडून बसतात. ते अडकणं नव्हे. खिडकी बंद करू नका, दुसरं काम करू नका. तुमच्या डिस्कला वेळ लागणार. ते यशस्वी झालं की दुसरी कमांड: एस-एफ-सी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ. पहिली कोठीतल्या प्रती दुरुस्त करते, दुसरी त्या प्रतींवरून चालू सिस्टिमच्या फाइली. उलट क्रमाने केलं तर दुसरी फाटक्या प्रतीवरून दुरुस्ती करायला बघते आणि हात हलवत परत येते.

मग अपडेटवर जाऊन 'चेक फॉर अपडेट्स'. जूनचा राहिला म्हणून हळहळू नका. महिन्याचे अपडेट बेरजेचे असतात, जुलैच्या अपडेटमध्ये जूनचा सगळा मजकूर असतो. एक बसला की झालं.

हे सगळं दुकान बंद झाल्यावर करा, आणि आकाश स्वच्छ असलेली संध्याकाळ बघून. ज्या यूपीएसने दोन मिनिटांत मान टाकली त्याची बॅटरी संपलीय, ती आधी बदला. दुकानात इन्व्हर्टर असेल तर मागे किंवा बाजूला एक छोटा स्विच असतो, यूपीएस मोडचा. तो चालू केला की लाईट गेल्यावर बदल इतक्या लवकर होतो की कॉम्प्युटर बंद पडत नाही. पंख्यादिव्यांसाठी लावलेले इन्व्हर्टर बहुधा दुसऱ्या मोडवर असतात, आणि मग इन्व्हर्टर असूनही कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो.


म्हापसा_बाजार:

कुळागर यांनी सांगितलं ते ठीक आहे, पण एवढा खटाटोप कशाला? आमच्या दुकानात मी अपडेटची सर्व्हिस डिसेबल करून टाकलीय. विंडोज १० आहे, मस्त चालतंय. शुक्रवारी बाजाराच्या दिवशी आमच्याकडे मुंगी शिरायला जागा नसते, तेव्हा 'अपडेट होत आहे, थांबा' हे परवडत नाही. ताई, तुम्हीही बंदच करून टाका.


कुळागर:

दादा, शुक्रवारचा म्हापशाचा बाजार मला माहीत आहे, तुमची अडचण खरी आहे. पण हा सल्ला ताईंना मी देणार नाही, आणि तुम्हीही बदलावा असं वाटतं. झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर परक्यांचे पेनड्राइव्ह लागतात. घरचा कॉम्प्युटर एकवेळ अपडेटशिवाय राहील, आपलं मशीन म्हणजे गावच्या तळीवरची घागर, प्रत्येकाचा हात लागतो. शिवाय त्याच मशीनवर लोक आपले आधार, बँकेची पासबुकं, जमिनीचे उतारे विश्वासाने उघडतात. तो विश्वास सांभाळणं आपलं काम आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार तर १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी करून पुढचे सुरक्षेचे अपडेट घेता येतात, पण सर्व्हिसच डिसेबल असेल तर तेही पोचणार नाहीत.

बाजाराच्या दिवसाचा उपाय वेगळा आहे. अपडेटच्या पानावर 'पॉज अपडेट्स' आहे, तिथे किती काळ थांबवायचं ते निवडता येतं, पाच आठवड्यांपर्यंत. आणि महिन्याचा मुख्य अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतो. आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते, म्हणजे दुकानात तो बुधवारपासून दिसतो. हे कळलं की आखणी करता येते: बुधवार ते शनिवार पॉज, रविवारी निवांत बसवायचा. ताई, तुम्हीही चतुर्थीच्या गर्दीच्या आठवड्यांत पॉज करा, पण हा अडकलेला आधी मोकळा करून.


बीसीए_दुसरं_वर्ष:

काका, मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या लॅपटॉपला १२८ जीबीची एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क) आहे, जागा संपत आल्याची लाल रेघ सतत दिसते. तुम्ही म्हणालात ती विन-एस-एक्स-एस कोठी माझ्याकडे १३ जीबीच्या वर दाखवते. एका व्हिडिओत सांगितलंय की तिची मालकी आपल्याकडे घेऊन आतले जुने फोल्डर सरळ डिलीट करायचे. करू का?


कुळागर:

नको रे बाबा, त्या फोल्डरला हाताने स्पर्श करू नकोस. तसं केलेली मशीन माझ्या टेबलावर येतात आणि तेव्हा मात्र फॉरमॅटवाचून मार्ग उरत नाही.

१३ जीबी हा आकडा फसवा आहे. त्या कोठीतल्या पुष्कळ फाइली आणि विंडोजच्या सिस्टिम ३२ फोल्डरमधल्या फाइली या डिस्कवर एकच असतात, फक्त दोन ठिकाणांहून त्यांना दार असतं. एक्सप्लोरर प्रत्येक दाराशी उभा राहून परत मोजतो. खरा आकडा बघायचा तर वरचीच डी-आय-एस-एमची कमांड, फक्त शेवटी रिस्टोअरहेल्थच्या जागी ॲनलाइझ-कंपोनंट-स्टोअर, सलग एका शब्दात, आडव्या रेघा न देता. ती खरी जागा सांगते आणि सफाई करावी की नको तेही 'यस' किंवा 'नो' मध्ये सांगते. 'यस' आलं तर त्याच जागी स्टार्ट-कंपोनंट-क्लीनअप, हाही सलग शब्द. ज्यांच्या जागी नवे आलेत तेवढेच जुने भाग ती काढते.

त्याच्यापुढे रीसेट-बेस असा शब्द जोडायला काही जण सांगतात. त्याने आणखी जागा होते, पण मग बसलेले अपडेट परत काढता येत नाहीत. एखादा अपडेट प्रिंटरशी भांडला तर मागे यायची वाट बंद. तुला परीक्षेच्या दिवसांत ते नको.


शाळा_फोंडा:

कुळागर, एक भर घालते. डी-आय-एस-एम कधीकधी ८००एफ०८१एफ हा कोड देऊन थांबतं, म्हणजे चांगल्या प्रती कुठे मिळाल्या नाहीत. ताईंना तसं झालं तर? माझ्या मते तरीही फॉरमॅट नको. विंडोज ११ ची आय-एस-ओ फाइल, म्हणजे विंडोज बसवायचं सगळं सामान असलेली एकच मोठी फाइल, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून फुकट उतरते. ती डबल क्लिकने उघडून आतला सेटअप चालवायचा आणि 'पर्सनल फाइल्स आणि ॲप्स ठेवा' हा पर्याय निवडायचा. विंडोज नव्याने बसतो, सॉफ्टवेअर आणि फाइली जागच्या जागी राहतात. फक्त आय-एस-ओ मशीनवर आहे त्याच भाषेची हवी, नाहीतर 'ॲप्स ठेवा' हा पर्याय निवडता येत नाही. तो निवडता येत नसेल तर तिथेच कॅन्सल करायचं, पुढे जायचं नाही.


कुळागर:

अगदी बरोबर. आणि ताई, त्या वाटेने जायची वेळ आलीच तर डोंगल काढून ठेवा, काम झाल्यावर लावा. जुन्या डोंगलचे ड्रायव्हर अशा बसवणुकीत अडचण करतात.


अक्षरजुळणी_साखळी:

तुम्हा सगळ्यांना आधी मनापासून देव बरें करो म्हणते. आता काय झालं ते लिहिते, म्हणजे दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

डिस्कची तब्येत 'गुड' आली. आरत्या-अभंगांचे सगळे फोल्डर भावाच्या बाहेरच्या डिस्कवर घेतले, ती डिस्क घरी देव्हाऱ्याखालच्या कपाटात आहे. यूपीएसची बॅटरी बदलली. इन्व्हर्टरच्या मागे खरंच तो स्विच होता, धुळीखाली, आजवर कुणी बघितलाच नव्हता.

टेम्पररी फाइल्सच्या यादीत 'डाउनलोड्स' होतं. बाई गं, त्यात एका भजनी मंडळाचे सगळे फोटो आणि एका लग्नपत्रिकेचा मजकूर होता, अजून छापायचा. ती सूचना दिली नसती तर त्या घरच्यांना मी काय तोंड दाखवलं असतं? खूण केली नाही. बाकीचं काढून आणि जुनी चित्रं डी वर हलवून सी मध्ये २३ जीबी मोकळे झाले.

फोल्डरचं नाव बदलताना तुम्ही लिहिलं तसंच झालं. पहिल्यांदा 'दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा आहे' म्हणाला. सर्व्हिसेसच्या यादीत बघते तर 'विंडोज अपडेट' पुढे परत 'रनिंग'. पुन्हा स्टॉप केली आणि लगेच नाव बदललं, झालं.

कमांडला मात्र खूप वेळ लागला. बासष्ट पॉइंट तीन टक्क्यांवर येऊन थांबली ती हलेचना. भावाने दोनदा विचारलं, बंद करूया का. मी तुमचं वाक्य फोनवर उघडून त्याच्यासमोर धरलं. त्यानंतर एकदम शंभरवर गेली आणि दुरुस्ती यशस्वी असं लिहून आलं. दुसऱ्या कमांडनेही खराब फाइली सापडल्या आणि दुरुस्त केल्या असं सांगितलं. मग चेक फॉर अपडेट्स. यादी यायला नेहमीपेक्षा वेळ लागला, पण जुलैचा अपडेट उतरला, रीस्टार्टला टक्के चढले आणि या वेळी मागे आले नाहीत. 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड'. हिस्टरीत तेवढी एकच ओळ आहे.

आज सकाळी डिस्क थोडा वेळ वर गेली आणि उतरली. पेजमेकर उघडला, जुन्या फाँटमधली आरतीची पुस्तिका उघडली, अक्षर न् अक्षर जागेवर. काम चालू आहे.

आता दोन प्रश्न. तो डॉट ओल्ड फोल्डर ९ जीबीचा आहे, तो काढू का? आणि डिस्क बदलून एसएसडी घ्यावी असं बरेच जण सांगतात, ती आत्ता घेऊ की चतुर्थीनंतर?


कुळागर:

वाचून फार बरं वाटलं ताई. बासष्टवर न घाबरता बसून राहिलात, तिथेच निम्मं काम झालं.

डॉट ओल्ड आज नको. दोन-चार रीस्टार्ट होऊ देत, डिफेंडरचे (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचे) रोजचे छोटे अपडेट नीट उतरतायत हे बघा, मग खुशाल डिलीट करा आणि रीसायकल बिन रिकामी करा, कारण बिनमध्ये पडून राहिलं तर जागा सुटत नाही. डिलीट करताना नाव नीट वाचा, डॉट ओल्ड लावलेलाच काढायचा. शेजारी त्याच नावाचा नवा फोल्डर आहे, तो चालू वापरातला.

एसएसडी घ्याच, पण चतुर्थीनंतर. गर्दीत डिस्क बदलायची नाही, चालणाऱ्या मशीनला चालू द्या. घ्याल तेव्हा विंडोज नव्याने बसवून घेऊ नका, आहे त्या विंडोजची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर करून मागा. त्याला क्लोनिंग म्हणतात. दुकानदार 'नवं टाकतो, स्वच्छ होईल' म्हणेल, त्याला फाँटचं आणि डोंगलचं आधी सांगा. नवी डिस्क ५०० जीबीची घेतलीत तर सी १०० चा ठेवू नका, निदान २०० करा. जुनी १ टीबीची डिस्क आतच राहू द्या, डी आणि ई तिच्यावर चालतील.

पॉज मात्र आजच लावून ठेवा. ऑगस्टचा दुसरा मंगळवार येण्याआधी तुमचं छपाईचं काम कुठवर आलंय ते बघून पुढची तारीख ठरवा.


बीसीए_दुसरं_वर्ष:

काका, ॲनलाइझ केलं. खरा आकडा साडेआठ जीबी निघाला आणि सफाईपुढे 'यस' होतं. क्लीनअप चालवलं, जागा सुटली. तरी लाल रेघ जात नव्हती, म्हणून शोधत गेलो तर विंडोज.ओल्ड नावाचा फोल्डर सापडला, गेल्या आठवड्यात मोठा अपडेट झाला तेव्हाचा. तो काढू का?


कुळागर:

तो जुन्या आवृत्तीवर परत जाण्यासाठी ठेवलेला असतो, आणि दहा दिवसांनी विंडोज तो स्वतःच काढतो. लॅपटॉपवर सगळं, वाय-फाय, प्रिंटर, कॉलेजचं सॉफ्टवेअर, नीट चालत असेल तर आताही काढता येईल. एक्सप्लोररमधून नको, टेम्पररी फाइल्सच्या यादीतून 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' ला खूण करून. आणि तुझ्याही यादीत 'डाउनलोड्स' असणार, बघून खूण कर.